हातोहात आलेली रायफल

नेमबाजीच्या क्लब-स्पर्धांत आज मुख्यतः दोन रायफली चालतात. पहिली हवेच्या दाबावर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सोडणारी एअर रायफल. तिचं अंतर १० मीटर. दुसरी पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर बोअरची, काडतुसाची. तिचं अंतर ५० मीटर. दोन्हींचे नावाजलेले कारखाने जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधले आहेत, आणि नवी रायफल घ्यायची तर गोष्ट लाखांवर जाते. त्यामुळे महाराष्ट्रात नेमबाजाच्या हाती येणारी पहिली स्पर्धेची रायफल सहसा नवी नसते. ती क्लबची असते, उसनी असते, नाहीतर एखाद्या ज्येष्ठ खेळाडूने नवी घेतल्यावर मोकळी केलेली असते. संस्थानिक आणि लष्करी अधिकारी यांच्यापुरता असलेला हा खेळ शिक्षकाच्या आणि नोकरदाराच्या घरापर्यंत पोचला, त्यात या वापरलेल्या रायफलीचा वाटा फार मोठा आहे. खेळाच्या इतिहासात पदकांची नोंद होते. ती पदकं ज्या हत्यारांवर घडली त्यांची क्वचितच होते.

कराड तालुक्यातलं उंब्रज या इतिहासाच्या वाटेवर आहे. पुणे-बंगळूरु महामार्गावर साताऱ्याच्या दक्षिणेला आणि कराडच्या उत्तरेला वसलेल्या या गावापासून पुणं दीडशे किलोमीटरच्या आसपास, तर कोल्हापूर शंभराच्या आत. महाराष्ट्रातल्या रायफल नेमबाजीची मुंबईखालोखालची दोन मोठी केंद्रं म्हणजे हीच दोन शहरं. साताऱ्याला १९६१ पासून देशातली पहिली सैनिक शाळा आहे. जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, आणि फौजेत नोकरी केलेला माणूस या भागात गावोगाव भेटतो. बंदूक हाताळलेली माणसं इथे कधीच कमी नव्हती. तरीही स्पर्धेची रायफल हे निराळंच हत्यार आहे, आणि ते इथवर पोचायला बराच काळ लागला.

ब्रिटिश अमदानीत त्याला कायद्याचीच आडकाठी होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. मुंबईत १८७७ मध्ये उभं राहिलेलं बॉम्बे व्हॉलंटियर रायफल्स आणि रेल्वे कंपन्यांची अशीच स्वयंसेवक दलं यांच्या चांदमारीत मुख्यतः गोरे आणि अँग्लो-इंडियन असत. दरबारात आणि वाड्यात बंदुका होत्या, पण त्या शिकारीच्या. शिकारीची बंदूक एकदा नेमकी लागली की तिचं काम झालं. स्पर्धेच्या रायफलीला त्याच भोकात पुन्हा गोळी घालावी लागते, तीही साठ वेळा. वाघाची कातडी भिंतीवर लावणाऱ्या संस्थानात लक्ष्यवेधाची परंपरा आपोआप तयार होत नाही, ती याच कारणाने.

स्वस्त लक्ष्यवेधी रायफलीची कल्पना इंग्लंडातून आली. तिथली नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ पासून होती, पण तिच्या स्पर्धा लांब पल्ल्याच्या, मोठ्या मैदानांवरच्या आणि सुखवस्तू माणसांच्या. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिश शिपायाचा नेम कच्चा ठरला आणि सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पाठिंब्याने १९०१ मध्ये मिनिएचर रायफल क्लबांची संघटना निघाली. हेतू असा, की गिरणीतल्या किंवा दुकानातल्या माणसाला संध्याकाळी गावातल्या एखाद्या हॉलमध्ये पॉइंट टू टूच्या स्वस्त काडतुसावर सराव करता यावा. या क्लबांना रायफली हव्या होत्या आणि त्या पुरवल्या लष्कराच्या भंगाराने. सैन्यातून निवृत्त झालेल्या मार्टिनी रायफलींच्या नळ्या बदलून त्या पॉइंट टू टू केल्या गेल्या. पुढे झिजलेल्या पॉइंट थ्री-ओ-थ्री नळ्या आतून कोरून त्यांत पॉइंट टू टूची बारीक नळी बसवण्याचा धंदाच बर्मिंगहॅममध्ये उभा राहिला. पार्कर-हेल कंपनीचं नाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. बीएसए कंपनीने मार्टिनीच्याच धाटणीवर खास क्लबसाठी लहान रायफली काढल्या. म्हणजे स्मॉल-बोअर नेमबाजी हा खेळच मुळात वापरलेल्या रायफलीवर वाढला. आजचा नेमबाज जुनी रायफल घेतो तेव्हा तो काही तडजोड करत नसतो, या खेळाच्या मूळ रीतीनेच चाललेला असतो.

याच जातीची एक रायफल महाराष्ट्रातल्या हजारो विद्यार्थ्यांनी हाताळली आहे. राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे एनसीसी, १९४८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या सरावासाठी पॉइंट टू टू नंबर दोन मार्क चार ही रायफल आली. ही पहिल्या महायुद्धातल्या ली-एनफिल्डचीच बारीक नळीची आवृत्ती. मॅगझिनच्या जागी नुसतं रिकामं खोकं. एकेक काडतूस हाताने भरायचं आणि उडालेली पुंगळी त्या खोक्यात पडायची. २५ यार्डांवर लेटून पाच गोळ्या मारायच्या आणि कागदावरचं ‘ग्रुपिंग’ किती इंचांचं आलं ते मोजायचं. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन मुलांना एनसीसी सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती सक्ती उठली. त्या पाच वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांतल्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा रायफल खांद्याला लावली. बहुतेकांची पहिली ती शेवटची ठरली. पण श्वास रोखून चाप ओढणं, झटका न देणं, डावं कोपर रायफलीखाली आणणं हे पायाभूत धडे कष्टकरी घरांत पोचले ते या जड, ओबडधोबड, दुसऱ्याच कामासाठी जन्मलेल्या हत्यारावर.

खेळाची संघटना त्याआधीच उभी राहिली होती. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढच्याच वर्षी पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. अहमदाबादेत स्थायिक झालेलं हे घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचं. राष्ट्रीय स्पर्धेआधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते, आणि नेमबाजांच्या तोंडी ‘मावळंकर खेळणं’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हरिहर बॅनर्जी ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत उतरले. त्याच हेलसिंकीत कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. खाशाबांना प्रवासखर्चासाठी वणवण करावी लागली होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट या भागात सर्वांना ठाऊक आहे. कुस्तीला लागतो आखाडा आणि खुराक. तरी पैशांवाचून अडलं. नेमबाजाला त्यावर रायफल, काडतुसं, जाकीट आणि परवाना लागतो. पहिल्या पिढीचं ठळक नाव बिकानेरचे महाराजा करणीसिंग यांचं असावं, हे त्यामुळे स्वाभाविकच म्हणायचं.

१९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याने गोऱ्या-काळ्याचा भेद नाहीसा केला, पण काडतुसाच्या रायफलीला परवाना हवा, हे तत्त्व कायम ठेवलं. त्याचबरोबर दोन वाटा मोकळ्या राहिल्या आणि महाराष्ट्रातली नेमबाजी त्या दोन वाटांनीच वाढली. परवाना असलेल्या रायफल क्लबला आपल्या नावावर रायफली ठेवता येतात आणि सभासदांना त्या रेंजवर वापरता येतात. ही पहिली वाट. कमी ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ही दुसरी. स्पर्धेच्या एअर रायफलीची ताकद साडेसात जूलच्या आसपास असते, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी घातलेली २० जूलची मर्यादा तिच्यापासून खूप वर आहे.

मुंबईत वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर यातली पहिली वाट फळाला आली. संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली तिथे तयार झालेल्या मुलींत अंजली वेदपाठक-भागवत, दीपाली देशपांडे आणि सुमा शिरूर ही नावं आहेत. अंजली भागवत एनसीसीतून या खेळाकडे वळल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. अशा रेंजवर क्लबची रायफल एकाच दिवशी चार-पाच जणांच्या खांद्याला लागते. प्रत्येकाची उंची वेगळी, मान वेगळी, डोळा वेगळा. आपली पाळी आली की पीप साइट, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची मागची साइट, आपल्या ‘क्लिक’वर आणायची, कुंद्याची लांबी बदलायची, दोन-चार छर्रे चाचणीला घालवायचे, मग खेळायचं; आणि पुढच्यासाठी मांडणी मूळ जागी आणून ठेवायची. ज्याने क्लबच्या रायफलीवर सुरुवात केली त्याला यंत्राचा प्रत्येक स्क्रू माहीत असतो. तिचा खरा लाभ इथे आहे, आणि स्वतःची नवी कोरी रायफल घेऊन सुरुवात करणाऱ्याच्या वाट्याला तो सहसा येत नाही.

एअर रायफलीचा इतिहास महाराष्ट्रात खालून सुरू होतो. उंब्रजजवळच्या पालच्या खंडोबासारख्या यात्रांत फुगे फोडायच्या दुकानावर जी बंदूक असते, ती स्प्रिंगची आणि नळी मोडून भरायची. जर्मन डायना बंदुकीच्या नमुन्यावर देशी कारखान्यांनी काढलेल्या तशाच बंदुका अनेक क्लबांनी सुरुवातीला वापरल्या. त्यांवर उघडी माशी असल्याने जिल्हा आणि राज्य पातळीवर ‘ओपन साइट’ असा वेगळा गटच ठेवला गेला, आणि तो शहाणपणाचा निर्णय होता. ओपन साइटची बंदूक हजारांत मिळते. मुलाला खेळाची गोडी आहे की नाही ते तिच्यावर वर्षभरात कळतं. अडचण पुढची आहे. स्प्रिंगची साधी बंदूक छर्रा नळीबाहेर पडायच्या आत दोनदा हिसका देते, आधी मागे आणि मग पुढे. ती जरा वेगळी धरली की छर्रा वेगळ्या जागी जातो. १० मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे या हिसक्याला माफी नाही.

तो हिसका घालवण्याची युक्ती जर्मनीत ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने काढली. १९६१ मध्ये आलेल्या तिच्या १५० या मॉडेलमध्ये चाप ओढताच नळीसकट सगळी यंत्रणा कुंद्यात रुळांवर मागे सरकते. हिसका त्या सरकण्यात जिरतो आणि खांद्याला जवळजवळ काही जाणवत नाही. त्यापाठोपाठ ३०० आणि ३००एस ही मॉडेलं आली. जागतिक स्पर्धेत १९६६ पासून आणि ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून १० मीटर एअर रायफल हा प्रकार आला, आणि त्या मधल्या काळात ३०० मालिकेने जगभरच्या रेंज भरून टाकल्या. जुन्या बाजारात आजही तिच्याइतकी भरवशाची रायफल दुसरी नाही. तिला सिलिंडर लागत नाही, पंप लागत नाही. दट्ट्याला पोलादी कडं असल्याने चामड्याचा किंवा रबराचा वायसर झिजून दाब उतरण्याची भीती फारशी नाही. बाजूचा दांडा एकदा ओढला की रायफल तयार. तोटे म्हणजे वजन, आणि दर शॉटला तो दांडा ओढण्याचे कष्ट. साठ शॉटच्या स्पर्धेत बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा खांदा त्याने भरून येतो.

पुढची पायरी होती एका ओढीत हवा दाबून धरणाऱ्या रायफलींची. वाल्थरची एलजीआर १९७० च्या दशकात आली, फाइनवेर्कबाऊची ६०० मालिका १९८० च्या दशकात. यांत स्प्रिंगच नसल्याने हिसका नावालाही नव्हता आणि छर्रा नळीतून लवकर बाहेर पडे. पण हवा अडवण्याचं सगळं काम रबरी सीलवर होतं, आणि रबर वापरलं नाही तरी वयाने कडक होतं. १९९० च्या दशकात हवेचं सिलिंडर असलेल्या रायफली रूढ झाल्या. २०० बारपर्यंत भरलेलं सिलिंडर एकदा लावलं की स्पर्धा निघून जाते आणि दर शॉटला हात हलवावा लागत नाही. त्या दिवसापासून दांड्याच्या सगळ्या रायफली युरोपात एकदम जुन्या ठरल्या. श्रीमंत क्लबांनी त्या काढून टाकल्या. नळी तीच, ट्रिगर तितकाच हलका, अचूकता कागदावर तितकीच. उतरली ती फक्त किंमत. हातात बेताचे पैसे असलेल्या नेमबाजासाठी या खेळाच्या इतिहासात यापेक्षा सोयीचा बदल दुसरा झालेला नाही.

तरी युरोपातला हा स्वस्त माल सरळ भारतात आला नाही. खासगी माणसाला शस्त्रं आयात करण्याची मुभा १९८० च्या दशकात बंद झाली. स्पर्धेची काडतुसी रायफल आणि काडतुसं आणायची तर राष्ट्रीय संघटनेमार्फत, किंवा ठरावीक गुण मिळवून ‘रिनाउन्ड शूटर’ हा दर्जा मिळवलेल्या खेळाडूने. त्याला जकातीतही सूट होती. परिणाम असा झाला, की देशात चांगल्या रायफली मोजक्याच हातांतून येत आणि त्या मोजक्या हातांतूनच खाली उतरत. एखाद्या नामवंत खेळाडूने नवी जर्मन आन्शुट्झ रायफल मागवली, की त्याची आधीची कुणाकडे जाणार याची चर्चा राज्य स्पर्धेच्या मंडपात आधीच रंगलेली असे. नवशिक्याचा पहिला सल्लागार, पहिला दुकानदार आणि पुष्कळदा पहिला प्रशिक्षक एकच माणूस असे. या व्यवहारात जाहिरात नव्हती, ओळख होती. आणि ज्याच्या गावात क्लब नाही त्याला ती ओळख नसे. कराड-उंब्रज पट्ट्यातल्या मुलाची खरी अडचण पैशांइतकीच ही होती.

कोल्हापूरने ती बरीच दूर केली. तिथल्या दुधाळी मैदानाजवळच्या रेंजवर जयसिंग कुसाळे यांनी ज्यांना घडवलं त्यांत तेजस्विनी सावंत यांचं नाव पहिलं येतं. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी एअर रायफलची सुवर्णपदकं मिळवली आणि ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिक इथे ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे लेटून मारायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण करून त्या विश्वविजेत्या झाल्या. एकाच शहरात अशा पातळीचे खेळाडू निघाले की त्यांनी वापरलेल्या रायफली, पीप साइट शहरातच फिरत राहतात, आणि कोणतं हत्यार कसं आहे याचं ज्ञानही फिरतं. पुण्यात बालेवाडीची रेंज २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेच्या निमित्ताने सुधारली आणि गगन नारंग यांची ‘गन फॉर ग्लोरी’ अकादमी २०११ पासून तिथे आली. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब २००६ पासून आहे. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीने मुलांना राहायला जागा आणि वापरायला रायफल दिली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, शिक्षक वडिलांचे पुत्र स्वप्नील कुसळे २००९ मध्ये प्रबोधिनीत दाखल झाले आणि नाशिकला नेमबाजी शिकले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह त्यांनी कांस्यपदक जिंकलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बहात्तर वर्षांनी आलेलं.

वापरलेली रायफल पारखण्याची विद्या या रेंजवरच तयार झाली, आणि ती पुस्तकात नव्हे तर हातात आहे. जाणता माणूस पॉइंट टू टूची रायफल हातात घेतो तेव्हा आधी बोल्ट काढतो आणि नळी उजेडाकडे धरतो. पण नळीचा आतला चकचकीतपणा त्याला फसवत नाही. शिशाची गोळी पोलादाला फार कमी झिजवते. नीट ठेवलेली नळी लाखाच्या वर गोळ्या सोडूनही चांगली राहते. तो पाहतो ती नळीची दोन टोकं. तोंडाची कड एका बाजूला किंचित घासलेली असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं सळई पुढून घालून साफसफाई केली आहे असं समजायचं. जुन्या मार्टिनी रायफलींत मागून सळई जात नाही, म्हणून त्यांत हा दोष हमखास असतो. गोळी सुटताना बाहेर पडणारा वायू त्या घासलेल्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. दुसरं टोक म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचा भाग. तिथे काजळीचं कडक कडं जमतं. कापडाची घट्ट चिंधी सळईवर सरकवली की त्या जागी हाताला अडखळ कळते. काजळी निघते, पण तिच्याखाली गंजाचे खड्डे असतील तर त्यांना उपाय नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काडतुसांतला स्फोटक मसाला नळी गंजवणारा असे, त्यामुळे त्या काळच्या देखण्या बीएसए रायफली आतून पोखरलेल्या निघतात. कृष्णाकाठच्या आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तेल न लावता फोमच्या पेटीत पडून राहिलेली रायफलही त्याच मार्गाने जाते.

एअर रायफलीची परीक्षा वेगळी. नळी सहसा बिघडत नाही, हवा निसटते. छर्रा भरून नळी बंद केल्यावर ब्रीचच्या फटीवर पातळ टिश्यू कागदाची पट्टी ठेवून एक शॉट सोडायचा. पट्टी उडाली तर सील गेलं. सील स्वस्त आहे, त्यामुळे तेवढ्यावरून सौदा मोडायचं कारण नाही. सिलिंडरची रायफल असेल तर भरलेलं सिलिंडर रात्रभर लावून ठेवायचं आणि सकाळी दाबाचा काटा पाहायचा. त्याहून महत्त्वाची सिलिंडरवर कोरलेली तारीख. बनवणाऱ्यांनी सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं ठरवलेलं असतं आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालवायचं नाही, ही जबाबदारी खेळाडूवर असते. वीस वर्षांपूर्वीची रायफल ‘ओरिजिनल सिलिंडरसह’ स्वस्तात मिळते, ती स्वस्ताई नवं सिलिंडर घेताना भरून निघते. जुन्या मॉडेलचं सिलिंडर मिळतं का, हे सौद्याआधीच विचारावं लागतं. पीप साइटचीही खातरजमा हवी. निशाण साधून एक ग्रुप मारायचा, मग वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली नेऊन पुन्हा ग्रुप मारायचा. दुसरा ग्रुप पहिल्यावर बसला नाही तर साइटच्या आट्या झिजल्या आहेत. रायफल जुनी चालते, साइट ढिली चालत नाही.

या सगळ्यापेक्षा जास्त गुण खातो तो कुंदा. १९९० पूर्वीच्या बहुतेक रायफलींचे कुंदे अक्रोडाच्या किंवा बीचच्या लाकडाचे. आधीच्या मालकाने पकड आपल्या पंजाप्रमाणे तासलेली असते, गालाची पट्टी आपल्या जबड्याप्रमाणे उतरवलेली असते. तासलेलं लाकूड परत येत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, यंत्रणा कुंद्यात बसवणारे दोन स्क्रू वेगळे आवळले जातात आणि उन्हाळ्यात जमलेला ग्रुप श्रावणात पसरतो. ॲल्युमिनियमचे कुंदे रूढ झाल्यावर हे दुखणं गेलं: गाल, खांदा, पकड, हाताखालचा ठोकळा, सगळं किल्लीने वर-खाली आणि पुढे-मागे होतं. पाच फुटांच्या मुलीची रायफल सहा फुटांच्या मुलाला तासाभरात बसवता येते. म्हणूनच हातचा पैसा कमी असेल तर नव्या मॉडेलचा लाकडी कुंदा सोडून जुन्या मॉडेलचा ॲल्युमिनियम कुंदा घ्यावा, असा ज्येष्ठांचा सल्ला असतो, आणि तो बरोबर आहे. एअर रायफल साडेपाच किलोंच्या आत असावी हा नियम आहे, पण वाढत्या वयाच्या मुलाने ती मर्यादा गाठायची काहीच गरज नाही. वजनं काढता येतील अशी रायफल त्याला अधिक काळ पुरते.

कागदपत्रांचं प्रकरण खरेदीदाराने शेवटी ठेवू नये. परवान्याची रायफल एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जाताना जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचं पोलीस ठाणं यांना किमान ४५ दिवस आधी लेखी कळवावं लागतं, असं १९५९ च्या कायद्याचं पाचवं कलम सांगतं. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्या बोअरची जागा असावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात; नेमबाजांना त्यातून वेगळी सवलत आहे, पण ती संघटनेच्या नोंदणीवर आणि मिळवलेल्या गुणांवर अवलंबून असते. एअर रायफलीला परवाना नसला तरी ती परदेशी असेल तर आयातीची आणि मूळ खरेदीची पावती हवीच. त्या कागदाविना घेतलेली रायफल वापरता येते. ती पुढे विकताना मात्र अडते.

उंब्रजसारख्या गावातून सुरुवात करणाऱ्याला ५० मीटरची रेंज जवळ मिळत नाही. तिला गोळी अडवणारी भिंत, मोकळी जमीन आणि परवानगी लागते. १० मीटरची सोय शाळेच्या व्हरांड्यात, रिकाम्या गोदामात किंवा लग्नसराई नसताना मंगल कार्यालयातही होते. त्यामुळे ग्रामीण नेमबाज एअर रायफलीनेच सुरुवात करतो आणि जम बसल्यावर कोल्हापूर किंवा पुण्याकडे वळतो. पैशांची वाटणीही त्याने त्याच क्रमाने करावी, असं रेंजवरचा अनुभव सांगतो: आधी अंगाला बसणारं जाकीट आणि बूट, मग वर्षभराचे एकाच जातीचे छर्रे, आणि उरलेल्या पैशांत जितकी चांगली मिळेल तितकी रायफल. जाकीट दुसऱ्याचं चालत नाही, कारण ते एका पाठीला बसलेलं असतं. रायफल चालते. अशी रायफल ज्युनिअर गटाची तीन-चार वर्षं काढते आणि राज्य स्पर्धेत गुण वाढले की तिचा मालक सिलिंडरच्या पुढच्या मॉडेलकडे जातो. सोडलेली रायफल त्याच क्लबमधल्या, सहसा ओपन साइटवरून नुकत्याच पीप साइटवर आलेल्या मुलाकडे जाते. सौद्यात जुन्या छर्ऱ्यांचा डबा, क्लिकची वही आणि किल्ल्यांचा संच फुकट येतो.